उणे अठरा अंशांचं सूप

"त्यात काय, पाठवतो की!" असं मापसाहेब म्हणाले तेव्हा बुधवारचे सकाळचे सव्वानऊ वाजले होते. पुढच्या अकरा दिवसांत जे काही घडलं, त्याला या चार शब्दांखेरीज कोणीही जबाबदार नाही.

फोनवर लेक होती. लग्न होऊन ती सीमेपलीकडच्या देशात राहायला गेली होती. चौथा महिना लागला होता आणि पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. सहा किलो वजन उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत असंच चाललं तर सरळ दवाखान्यात भरती व्हायचं आणि सलाइन लावून पडून राहायचं. जावई बिचारा एकेक पदार्थ पुढे करून थकला होता. आणि त्या सकाळी लेक अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, तुझ्या हातचं भोपळ्याचं सूप असतं ना, तर ते मात्र राहिलं असतं गं पोटात."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. (सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.) त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मापसाहेबांच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती आणि नवा यायला दीड महिना होता. म्हणजे पलीकडे जाणं दोघांच्याही हातात नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मापसाहेब बोलले.

मापसाहेब बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. भल्याभल्या दुकानदारांच्या तराजूंना त्यांनी घाम फोडला होता. फॉर्ममधला एक रकाना कोरा राहिला की माणूस परत, शिक्का तिरका पडला की माणूस परत, हे सगळं त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूला बसून केलं होतं. टेबलाला बाहेरचीही एक बाजू असते आणि तिथे बसायला खुर्ची नसते, हे ज्ञान त्यांना अजून व्हायचं होतं.

ते झालं कुरिअरच्या ऑफिसात, त्याच दुपारी. काउंटरवरच्या मुलीने वर न बघताच विचारलं, "काय पाठवायचंय?"

"सूप."

"पातळ पदार्थ घेत नाही."

"पातळ नाही. गोठवून देणार. दगडासारखं घट्ट."

"पोचेपर्यंत वितळेल ना, काका?"

"वितळलं तर पातळ होईल, हे उघडच आहे."

"मग पातळ पदार्थ घेत नाही."

या युक्तिवादात खोट काढण्याचा मापसाहेबांनी पाच मिनिटं प्रयत्न केला आणि खोट सापडेना म्हणून ते घरी आले. नकाराचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. 'काका'चं वाटलं. एकेकाळी अख्खी बाजारपेठ ज्यांना 'साहेब' म्हणून उठून उभी राहायची, त्यांना एका काउंटरवर पाच मिनिटांत काका करून ठेवलं होतं.

इमारतीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली, आणि तिच्यामागोमाग सल्ले आले. सल्ला ही एकच गोष्ट अशी आहे की जी न मागता, न थांबता आणि कुठल्याही हवामानात घरपोच मिळते. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "साहेब, सरळ वाळवून पावडर करा. पावडरला जगात कोणी अडवत नाही." यावर त्यांच्याच बायकोने त्यांना आठवण करून दिली की पांढरी-पिवळी पावडर सीमेवरून नेणाऱ्या माणसाला जग नक्की कुठे ठेवतं. समोरच्या काकूंचं म्हणणं, डबा ओल्या गोणपाटात गुंडाळा, आमच्या लहानपणी आम्ही असंच करायचो. लहानपणी त्यांनी सूप कुठल्या देशात पाठवलं होतं, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

इकडे वहिनींनी कोणाचंही न ऐकता स्टुलावर बसून, दुखरा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून, दोन मोठी पातेली सूप केलं. भोपळा भाजून, कांदा मंद आचेवर परतून, वरून मिरपूड आणि लोणी. ते चौकोनी डब्यांत ओतलं, तेव्हा चोवीस डबे भरले. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात मावले पाच. उरलेले एकोणीस इमारतभर वाटावे लागले. मापसाहेबांनी वहीत कोणाकडे किती ते टिपून घेतलं, प्रत्येक डब्यावर नंबर चिकटवला आणि रोज संध्याकाळी ते घरोघर जाऊन फ्रीज उघडून मोजणी करू लागले. तिसऱ्या दिवशी विमा एजंटांकडे चारऐवजी तीनच डबे भरले.

"सतरा नंबर कुठे आहे?" मापसाहेबांनी जुन्या आवाजात विचारलं.

विमा एजंट दाराशी अंग चोरून उभे राहिले. "साहेब, खरं सांगू? कालच्या अवकाळी पावसात फार मोह झाला. पण एक मात्र आहे हां, तुमची लेक म्हणते ते खोटं नाही."

खाल्लेल्या सुपाचा पंचनामा करता येत नाही. मापसाहेबांनी वहीत 'सतरा : तूट' असं लिहिलं आणि ते उरलेल्या तेविसांच्या मार्गाला लागले.

मार्ग सापडला तो शीतगृहाजवळच्या एका चिंचोळ्या ऑफिसात. तिथे एक क्लिअरिंग एजंट बसायचा, म्हणजे सीमेपार जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करून देणारा माणूस. टेबलावर फायलींचे मनोरे, आणि त्यांच्या फटीतून त्याचं अर्धं तोंड दिसे.

"तेवीस डबे?" तो म्हणाला. "साहेब, आमच्याकडे तेवीस टनांची माणसं येतात."

त्याने 'साहेब' म्हटल्याबरोबर मापसाहेबांचा त्याच्यावर विश्वास बसला. त्यांनी लेकीचं सगळं सांगितलं. एजंटाने अर्धं तोंड फायलींआडून पूर्ण बाहेर काढलं. त्यालाही मुलगी होती. तो म्हणाला, गुरुवारी एका व्यापाऱ्याची गोठवलेल्या मासळीची थंड गाडी निघतेय. उणे अठरा अंशांवर चालते. कोपऱ्यात एक खोकं बसेल. फक्त तुमचा कागद वेगळा करावा लागेल. "बोला, सुपात काय काय आहे?"

"भोपळा, कांदा, मीठ, मिरपूड, लोणी."

एजंटाने पेन खाली ठेवलं. "लोणी आहे?"

"दोनच चमचे."

"मग हा प्राणिजन्य पदार्थ झाला. त्याला गुरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं." त्याने आवाज खाली आणला. "साहेब, मी तर म्हणतो, लोणी लिहूच नका. कोण चाटून बघतंय?"

आता मापात पाप करणाऱ्यांना पकडण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कसं जमावं? मापसाहेबांनी स्वतःच्या हाताने 'लोणी : दोन चमचे' असं ठळक लिहिलं. घरी आल्यावर वहिनींनी फॉर्म वाचला आणि म्हणाल्या, "अहो, तीन घातलेत."

दुसऱ्या दिवशी मापसाहेब नवा फॉर्म आणायला पुन्हा एजंटाकडे गेले. फॉर्म देताना एजंटाने दोन जास्तीचे दिले.

गुरांच्या डॉक्टरांचा दवाखाना गावाच्या टोकाला होता. बाहेरच्या बाकावर एक बकरी, एक म्हातारं कुत्रं आणि त्यांचे मालक बसले होते. मापसाहेब आपला डबा मांडीवर घेऊन रांगेत बसले. बकरीच्या मालकिणीने सहानुभूतीने विचारलं, "तुमचं काय आहे?" मापसाहेब म्हणाले, "सूप." ती बाई थोडी सरकून बसली.

डॉक्टर दिलदार निघाले. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग दुधाच्या डेअरीत फोन करून लोणी ज्या गाईंच्या दुधाचं होतं त्यांच्या तपासण्यांचे आकडे मागवले आणि कपाटातून छापील फॉर्म काढला. अडचण एवढीच की फॉर्म जिवंत जनावरासाठी छापलेला होता. सुपासाठी असा फॉर्म खात्याने कधी काढलाच नव्हता. डॉक्टर एकेक ओळ खोडत गेले. शिंगं, खोडलं. शेपूट, खोडलं. दातांवरून अंदाजे वय, खोडलं. शेवटी दोन ओळी मात्र नियमाने खोडता येत नव्हत्या, म्हणून राहिल्या. त्यामुळे त्या प्रमाणपत्रात आजही अधिकृतपणे नमूद आहे की सदर सूप तपासणीच्या वेळी शांत होतं आणि चालताना लंगडत नव्हतं.

"निदान घरात एक तरी नीट चालतंय," घरी वहिनी म्हणाल्या, आणि ऑपरेशनपासून पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या.

गुरुवार उजाडला. तेवीस डबे इमारतीतल्या सात घरांतून गोळा झाले आणि मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात बसून शीतगृहावर पोचले. तिथले कामगार भर उन्हाळ्यात कानटोप्या आणि जाडजूड जाकिटं घालून हिंडत होते. एकाने खोक्यात काडेपेटीएवढं यंत्र टाकलं. "हे दर मिनिटाला तापमान टिपतं," त्याने सांगितलं. "सीमेवर हे लावून बघतात. उणे पंधराच्या वर गेलं की खेळ खलास." त्याने खोकं बंद करून चिकटपट्टी मारली. मापसाहेबांना त्या यंत्राबद्दल मनापासून आदर वाटला. सेवेत असताना असंच एखादं यंत्र प्रत्येक दुकानात बसवावं, असं त्यांचं स्वप्न होतं.

ड्रायव्हरने गाडीचं मागचं दार उघडलं, वाफेसारखा थंडीचा लोट बाहेर आला, आणि त्याच क्षणी मापसाहेबांचा हात खिशाकडे गेला. वहिनींनी लेकीला तीन पानी पत्र लिहिलं होतं. 'आठवणीने डब्यांच्या वर ठेवा' असं चार वेळा बजावलं होतं. पत्र खिशातच होतं.

"जरा थांबा!" ते ओरडले. "एकच मिनिट."

आता एक मिनिट म्हणजे किती, हे वजनमापे खात्याच्या माणसाने तरी जाणायला हवं होतं. पट्टी निघेना. निघाली तर पत्र भिजेल म्हणून प्लास्टिकची पिशवी शोधावी लागली. पिशवी मिळाली तर ती तोंडाशी फाटकी निघाली. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता, उन्हाने धक्क्यावरचं सिमेंट तापलं होतं, आणि खोक्यातलं ते काडेपेटीएवढं यंत्र इमानेइतबारे आपलं काम करत होतं. एकूण नऊ मिनिटं लागली.

शनिवारी सकाळी एजंटाचा फोन आला. "साहेब, गाडी सीमेवर अडकलीय. तुमच्या खोक्याने तापमान मोडलं. नऊ मिनिटं उणे सहा. मालकाने समोर येऊन निकाल लावेपर्यंत अख्खी गाडी सोडणार नाहीत म्हणे. आणि मासळीवाले शेठ मला जे जे बोलतायत, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

बत्तीस वर्षांत मापसाहेबांच्या हातून एक शिक्का तिरका पडला नव्हता, आणि आता एका परक्या माणसाची टनावारी मासळी त्यांच्या एका पत्रापायी उन्हात उभी होती. त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. पत्राचं सांगताना त्यांची मान खाली गेली.

वहिनी चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बस किती वाजताची आहे?"

"मी जातो. तू कुठे या गुडघ्याने..."

"सूप माझं आहे," वहिनी म्हणाल्या आणि काठी घ्यायला उठल्या.

रविवारी सकाळी नऊला दोघं सीमेवर उतरले. लांबच लांब पत्र्याची शेड, तिच्यापुढे थंड गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीच्या कपाळावर घरघरणारं यंत्र. मासळीच्या गाडीचा ड्रायव्हर पायरीवर बसून होता. त्याने मापसाहेबांकडे असं बघितलं की त्यांना आपण स्वतःच उणे अठरावर आहोत असं वाटलं.

आत तपासणी अधिकारीण होती. चाळिशीची, चष्म्याला दोरी बांधलेली, कामापुरतं बोलणारी. तिने कागद पाहिले. गुरांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र तिने दोनदा वाचलं, पण चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मग तिने यंत्राचा आलेख पुढे सरकवला. सरळ रेष, मध्ये एक उंच टेकडी, पुन्हा सरळ रेष.

"खोकं कोणी उघडलं?"

"मी," मापसाहेब म्हणाले. "पत्र ठेवायचं राहिलं होतं."

"हे मी पलीकडे सोडू शकत नाही."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता हे भांडतील, नियमावली काढायला लावतील. मापसाहेबांच्या मनातही ते आलं होतं. सवयीने त्यांनी तिच्या टेबलावरच्या थर्मामीटरच्या शिक्क्याची तारीख बघितली. मुदत चालू होती. शिक्का अगदी सरळ होता. त्यांना वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तरी सोडलं नसतं. खोकं मी परत घेतो. त्या माणसाची गाडी तेवढी सोडा."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. दिवसभरात शंभर माणसं तिच्याशी हुज्जत घालत असावीत. तिने मागे घेण्याचा फॉर्म दिला. मापसाहेबांनी एकही रकाना कोरा न सोडता तो भरला. गाडीचे कागद व्हायला अजून दोन तास होते, पण गाडी मोकळी झाली होती.

आणि मग दोघं नवराबायको शेडबाहेरच्या बाकावर, मध्ये ते पांढरं खोकं ठेवून, नुसती बसून राहिली. पलीकडची चौकी इथून दिसत होती. दोन लोखंडी आडकाठ्या आणि त्यांच्यामध्ये शंभर पावलांचा रस्ता. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला.

"आई, कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"तशीच. उद्या भरती व्हायचंय. कुठे आहेस गं, एवढा आवाज कसला?"

"सीमेवर."

"कुठल्या?"

"तुमच्याच. बाबा पण आहेत. सूप आहे, पण ते पलीकडे सोडत नाहीत."

पलीकडून लेकीचा आवाज आला, पण तो त्यांच्याशी बोलत नव्हता. ती नवऱ्याला म्हणत होती, "अहो, गाडी काढा. तासाभराचा तर रस्ता आहे."

मापसाहेबांनी बायकोकडे बघितलं, बायकोने मापसाहेबांकडे. ही साधी गोष्ट अकरा दिवसांत दोघांपैकी एकाच्याही, शिवाय अख्ख्या इमारतीच्या, एजंटाच्या आणि गुरांच्या डॉक्टरच्या डोक्यात आली नव्हती. सुपाला सीमा ओलांडायला बंदी होती. लेकीला नव्हती.

मापसाहेब धावत आत गेले. बत्तीस वर्षांत ते कुठल्याही ऑफिसात धावले नव्हते. लेकीचं सगळं ऐकून अधिकारीण म्हणाली, "माणसांचं काम माझ्याकडे नाही. शेजारची खिडकी. दिवसाचा परवाना मिळतो." आणि लगेच, "गर्भार आहे ना? रांगेत उभी करू नका, मी सांगून ठेवते."

राहिला सूप गरम करण्याचा प्रश्न. चौकीच्या कँटीनमध्ये 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती, आणि कँटीनवाला तिच्याखालीच उभा होता. मापसाहेब हात हलवत परत आले तेव्हा मासळीचा ड्रायव्हर आपल्या पायरीवरून उठला. कोणाचं ऐकून, कुठून समजलं कोण जाणे, पण त्याला सगळं समजलं होतं.

"माझ्याकडे शेगडी आहे," तो रागातच म्हणाला. "दोन दिवस थांबवलंत ते थांबवलंत. आता वाया तरी जाऊ देऊ नका."

गाडीच्या सावलीत शेगडी पेटली. मासळीच्या रिकाम्या क्रेटवर वहिनी बसल्या, पाय दुसऱ्या क्रेटवर. नारिंगी लादी ड्रायव्हरच्या पातेल्यात हळूहळू सैल झाली, कडेने उकळू लागली, आणि कांद्याचा, भाजलेल्या भोपळ्याचा वास डिझेलच्या वासावर मात करत रांगेभर पसरला. एकेक करून ड्रायव्हर जवळ येऊन उभे राहिले.

साडेअकराला लेक आली. जावयाने तिचा दंड धरला होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात, अनुभवाने शहाणा झाल्यासारखी, एक प्लास्टिकची पिशवी तयार होती. लेक इतकी वाळली होती की मापसाहेबांना आधी ओळखूच आली नाही. किती गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या. तोंडातून निघालं, "गाडी हळू चालवली ना?"

"हो, बाबा."

वहिनींनी वाटी तिच्या हातात दिली. पहिला घोट. सगळे तिच्याकडे बघत होते. दुसरा घोट. जावयाने पिशवी उघडली. तिसरा. लेकीने डोळे मिटले. पंधरा-वीस दणकट माणसं श्वास रोखून एका बाईच्या पोटाकडे बघतायत, हे दृश्य कुठल्याही चौकीवर नेहमीचं नसावं. वाटी संपली. पाच मिनिटं गेली. दहा. मापसाहेब घड्याळ हातात धरून होते. वीस मिनिटांनी लेकीने डोळे उघडले.

"आई, अजून आहे?"

जावयाने ती पिशवी घडी करून खिशात घातली आणि तोंड फिरवून नाक पुसलं. मापसाहेब शेजारच्या गाडीची नंबरप्लेट वाचत राहिले. आकडे काही केल्या स्पष्ट दिसत नव्हते.

लेकीने तीन वाट्या घेतल्या. मग रांगेतल्या सगळ्यांना मिळालं. रागावलेल्या ड्रायव्हरने चार वाट्या संपवल्या आणि मासळीवाल्या शेठला फोन करून उशिराचं कारण 'तांत्रिक' असं सांगितलं. दोनच्या सुमाराला अधिकारीण बाहेर आली, हातात एक कागद.

"परत घेतलेल्या मालाचं काय केलंत, ते नोंदवावं लागतं. शेवटचा रकाना राहिलाय."

रकाना होता, 'विल्हेवाटीची पद्धत'. मापसाहेबांनी विचार केला, पेनाचं टोपण काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'खाऊन.' खाली साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. अकरा ड्रायव्हरांनी केल्या. बाईंनी कागद तपासला, शिक्का मारला, आणि वहिनींनी पुढे केलेली वाटी उभ्या उभ्याच संपवली.

चारला लेक आणि जावई निघाले. आडकाठीपर्यंत वहिनी काठी टेकत गेल्या. त्यांचं ते तीन पानी पत्र, थोडं ओलसर झालेलं, लेकीच्या पर्समध्ये होतं. कागदाला सीमेवर कोणी अडवलं नाही.

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी पाय लांब करून लगेच झोपल्या. उन्हं उतरत होती. मापसाहेबांच्या पलीकडच्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन बसले होते. सहा वाजता मापसाहेबांचा फोन वाजला.

"बाबा, पोचलो. झोपले होते जरा." मग लेक नवलच वाटल्यासारखी म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय."

"लागली?"

"हो. खरंच लागलीय. हे भात टाकतायत."

"बरं," मापसाहेब म्हणाले. "बरं, बरं. जेव." त्यांनी फोन ठेवला. वहिनींना उठवावं असं वाटलं, पण अकरा दिवसांनी त्या पहिल्यांदाच शांत झोपल्या होत्या. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मात्र राहवेना. ते त्या अनोळखी गृहस्थांकडे वळले.

"आमच्या मुलीला भूक लागलीय," ते म्हणाले.

त्या गृहस्थांनी एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, एकदा इकडेतिकडे मुलगी कुठे दिसते का ते पाहिलं, आणि काही न विचारता बॅगेतून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला. मापसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फोडला, आणि अर्धा त्यांना देऊन अर्धा स्वतः खाल्ला.